पंधरा की सोळा

मोटरसायकलची चेन संपली होती. मागचं चाक हातानं फिरवलं की एका जागी ताठ व्हायची आणि पुढच्याच वितीत लोंबायची, म्हणजे नुसती ओढून घेण्यापलीकडे गेलेली. नाना पेठेतून नवा चेन-सॉकेटचा सेट आणला (सॉकेटं म्हणजे चेन ज्यांवरून फिरते ती दातेरी चाकं, एक पुढं इंजिनाकडं, एक मागच्या चाकाला) आणि घराजवळच्या गॅरेजला गाडी लावली. मेस्त्रींनी कव्हर उघडलं, आतला ग्रीस आणि मातीचा काळा थर खरवडला, पुढचं जुनं सॉकेट काढून फडक्यावर ठेवलं. दात एका अंगाला झिजून टोकाशी वळले होते. त्याच्या शेजारी त्यांनी दोन नवी सॉकेटं मांडली. एक मी आणलेलं, १५ दातांचं. दुसरं त्यांच्याच कपाटातलं, १६ दातांचं, कुणा गिऱ्हाइकानं मागवून न नेलेलं. "हे टाकून बघायचं का? हायवेला बरं पडेल," असं म्हणत ते थांबले आणि मग विचारलं, "पण तुम्ही घाटात जास्त चालवता का हायवेला?" मी म्हटलं, दोन्हीकडे. "दोन्हीकडं सगळेच चालवतात हो. गाडी सुखात कुठं पाहिजे ते सांगा."

मला पटकन काही सांगता आलं नाही.

शेवटी १६ टाकून घेतलं, कारण समोर पुणे-सातारा रस्ता होता आणि त्या रस्त्यावर हातांना येणाऱ्या मुंग्यांचा मला कंटाळा आला होता. पण तो प्रश्न गाडीबरोबर घरी आला. वर्षानुवर्षं एकच गाडी चालवणाऱ्या माणसाला, ती कुठल्या रस्त्यावर बरी चालावी असं वाटतं, हे ठाऊक असायला हवं. मला ते ठाऊक नव्हतं असंही नाही; पण कुणी हातात पाना धरून विचारल्याशिवाय ते ठरवावं लागत नाही. सॉकेट ठरवायला लावतं. ते बसवलं की पुढची पंचवीसेक हजार किलोमीटरं त्याच निवडीबरोबर काढायची असतात.

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन, जुनी, ४११ सीसीची. पुढं १५, मागं ३८. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला पुढच्या सॉकेटला २.५३ वेळा फिरावं लागतं. १६ केलं की हाच आकडा २.३८ वर येतो. फरक सहा टक्क्यांचा. मागच्या बाजूनं एवढाच फरक पाडायचा तर तिथले दोन ते अडीच दात कमी करावे लागतात. पुढचा एक दात मागच्या अडीच दातांच्या तोडीचा असतो, म्हणून लोक आधी पुढच्याला हात घालतात. स्वस्तही पडतं. दोन्ही सॉकेटं एकावर एक ठेवून मी उजेडात धरली होती. व्यासातला फरक करंगळीच्या नखाएवढाही नव्हता. एवढ्याशा लोखंडानं गाडीचा स्वभाव बदलेल यावर हातात घेऊन तरी विश्वास बसत नाही.

आणि खरं तर ते लोखंड गाडीला काहीही देत नाही. इंजिन तेच. चोवीसेक हॉर्सपॉवर, आणि ४००० ते ४५०० आरपीएमच्या पट्ट्यात ३२ न्यूटन-मीटरचा जोर. सॉकेट बदलून त्यात कणभर भर पडत नाही. जो जोर आहे तो मागच्या चाकाला कसा वाटून द्यायचा, एवढंच ते ठरवतं. पुढं एक दात जास्त घेतला की प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारी ओढ सहा टक्के कमी आणि तेवढ्याच वेगाला इंजिनाचे फेरे सहा टक्के कमी. कमी घेतला की उलट. अपुरं पांघरूण आहे हे. डोकं झाकलं की पाय उघडे. "१६ टाक, गाडी पळायला लागेल" किंवा "१४ टाक, गाडी उडायला लागेल" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. ते मिळणारी गोष्ट सांगतात, जाणारी सांगत नाहीत.

तरीही त्या पहिल्या सकाळचा आनंद मी नाकारणार नाही. कात्रजचा बोगदा मागं पडला, खेड-शिवापूरचा टोलनाका गेला, शिरवळकडचा रस्ता मोकळा झाला आणि गाडी पाचव्यात स्थिरावली. आधी ज्या वेगाला काटा पाच हजारांवर असायचा, तिथं आता ४७०० च्या आसपास रेंगाळत होता. तीनशे फेरे म्हणजे काहीच नाही असं कागदावर वाटतं. पण एका सिलेंडरच्या इंजिनाची कंपनं सगळ्या वेगांना सारखी नसतात. एखाद्या ठरावीक पट्ट्यात ती हँडलमधून तळहातात, फूटरेस्टमधून बुटाच्या तळव्यात आणि टाकीतून गुडघ्यांत शिरतात. माझा रोजचा वेग नेमका त्या पट्ट्यात पडत होता. आता तो पट्ट्याच्या खाली आला. आरशातला मागचा ट्रक थरथरणारा रंगाचा डाग न राहता ट्रक दिसायला लागला. नीरा नदीच्या पुलावरून जाताना मला वाऱ्याचा आवाज ऐकू आला, आणि आपण इतके दिवस वाऱ्याचा आवाज म्हणून ऐकत होतो तो बहुतेक इंजिनाचाच होता हे लक्षात आलं.

आवाजाचं आणखी एक. आमचे बाबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांना प्रत्येक गोष्टीचा सूर लागायचा. घाट चढणारी एसटी कुठल्या पट्टीत रडतेय ते ते बसल्या जागी सांगायचे आणि घरी आल्यावर पेटीवर बोट ठेवून दाखवायचे. त्या दिवशी साताऱ्यापर्यंत मला सारखं वाटत होतं की गाडी ओळखीच्याच वेगाला वेगळ्या सुरात बोलतेय. घरी येऊन आकडे मांडले. त्याच वेगाला जुने फेरे आणि नवे फेरे यांचं प्रमाण १६ ला १५. आणि शुद्ध गणितात कोमल रिषभाचं षड्जाशी असलेलं प्रमाणही नेमकं तेच, १६ ला १५. म्हणजे एका दातानं माझी गाडी कोमल रे वरून सा वर आली होती. बाबा असते तर त्यांना हे गणित करावं लागलं नसतं. फाटकात गाडी शिरताना त्यांनी ओळखलं असतं आणि मान हलवली असती. मी ही गोष्ट सांगायला फोन हातात घेतला होता, इतकी ती त्यांची होती.

आमच्या घराण्यातली पहिली सॉकेटची गोष्ट मात्र काकांची. काका कराडला. त्यांची बुलेट कास्ट आयर्न इंजिनाची, चार गिअरची, उजव्या पायानं गिअर टाकायची. मागचं ३८ दातांचं सॉकेट त्या गाडीत ब्रेकच्या ड्रमलाच जोडून येतं, म्हणजे मागं बदल करायची सोय जवळजवळ नाही. जे करायचं ते पुढं. आणि पुढचं सॉकेट क्लचच्या मागं दडलेलं. ते काढायचं तर प्रायमरीचं कव्हर, इंजिनाकडून क्लचकडं जाणारी प्रायमरी चेन, क्लच, सगळं उतरवावं लागायचं. अर्ध्या दिवसाचं काम. त्यामुळं हौस म्हणून कुणी ते करत नसे. क्लचप्लेटांसाठी इंजिनाची ती बाजू उघडलीच आहे तर हेही करू, असा बेत असायचा. काकांनी असंच १६ काढून १८ टाकलं होतं. अंगणात पोतं अंथरून त्यावर मांडलेले भाग, रॉकेलच्या परातीत बुडवलेल्या चेनचा वास, आणि काकू दारातून "हे संध्याकाळपर्यंत परत बसणारे का?" असं विचारत होत्या, ते मला अजून आठवतं. १८ नंतर ती बुलेट कोल्हापूरच्या रस्त्यावर इतक्या संथ लयीत जायची की ठोके मोजता यावेत. काकांचं सगळं फिरणं नदीकाठच्या सपाट, उसाच्या पट्ट्यातलं. कराड, इस्लामपूर, कोल्हापूर, फार तर सांगली. त्यांच्या रस्त्यांना १८ शोभत होतं. महाबळेश्वरला ते त्या गाडीवर गेल्याचं मला आठवत नाही.

आमच्या कॉलेजात उलटा पंथ होता. आरएक्स १०० वाली पोरं. त्यांना पिकअप हवा असायचा, म्हणून पुढं एक दात कमी किंवा मागं दोन-चार जास्त. सिग्नल सुटला की पुढचं चाक जमिनीवरून उठायचं, दोन-तीन चौक कुणी त्यांच्या जवळ यायचं नाही, आणि मग शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर ते इंजिन किंचाळत राहायचं आणि मागून साधी, न छेडलेली गाडी शांतपणे पुढं निघून जायची. तेव्हा मला त्या पोरांचा हेवा वाटायचा. आजही वाटतो. चौकातल्या गाडीला चौकातलं गिअरिंग, यात काही खोट नव्हती.

माझा रस्ता मात्र उंब्रजला वळतो. हायवे सोडायचा, पाटण, कोयनानगर, हेळवाक, आणि मग कुंभार्ली घाट उतरून पोफळीच्या पुढं आमचं गाव. घरी आई एकटी असते. बाबा गेल्यापासून माझ्या खेपा वाढल्यात. आधी सणावारी जायचो, आता जमेल त्या आठवड्याला निघतो. १६ दातांवर त्या रस्त्यानं पहिल्यांदा गेलो तेव्हा पाटणपर्यंत सगळं सुखाचं होतं. घाट उतरायला लागलो आणि पहिली जाणीव ब्रेकच्या लिव्हरवर झाली. एरवी तिसऱ्यात टाकून थ्रॉटल सोडला की गाडी स्वतःला आवरून धरायची. आता ती जरा सैल सुटत होती. इंजिनाची रोखून धरायची ताकदही त्याच सॉकेटमधून चाकाला जाते, त्यामुळं ओढ सहा टक्के कमी झाली तसा लगामही तेवढाच ढिला झाला. पावसात, शेवाळलेल्या वळणावर, समोरून चिपळूणची एसटी येत असताना ते सहा टक्के फार मोठे असतात. मी दुसऱ्यात उतरलो आणि तळापर्यंत दुसऱ्यातच गेलो.

परतीच्या वाटेवर गाडीला सामान बांधलेलं असतं. ते कोकणातून घाटावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या गाडीला असतं. मागच्या कॅरिअरवर तांदळाची गोणी, तिच्यावर फणस, बाजूच्या पिशवीत आगळाच्या बाटल्या, आणि आईनं शेवटच्या क्षणी कोंबलेलं आणखी काहीतरी, जे पुण्यात पोचल्यावरच उलगडतं. घाटाच्या मधल्या अरुंद वळणांवर गाडी वीसच्या आसपास येते. पंधरावर असताना तिथं दुसरा गिअर कुरकुरत का होईना, पण ओढायचा. सोळावर दुसऱ्यात इंजिन दणके देऊ लागलं. एकेक ठोका बुडाखालून वेगळा जाणवत होता. पहिल्यात टाकलं तर किंचाळत होतं आणि लगेच दुसरा मागत होतं. मधली जागा क्लच अर्धा दाबून भरून काढायची, की वळण संपेपर्यंत क्लचचा तो करपट वास नाकात येतो. सॉकेट बदलल्यानं सगळेच गिअर सहा टक्के लांबतात, पण त्यांच्या आपसांतल्या अंतरात काही फरक पडत नाही. हायवेवर ते चालून जातं, कारण तिथं वेग आपण गाडीच्या सोयीनं निवडतो. घाटात वेग वळण निवडतं.

माथ्यावर चहाच्या टपरीशी थांबलो. तिथं एक दूधवाले त्यांची गाडी बाजूच्या स्टँडला लावून चहा पीत होते. शंभर सीसीची साधी गाडी, टाकीवरचा रंग मांड्यांच्या घासण्यानं उडालेला, मागं घरच्या घरी वेल्ड केलेलं अँगलचं कॅरिअर आणि त्याला ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेले दुधाचे दोन कॅन, वर ओलं पोतं. मी वाकून त्यांच्या मागच्या चाकाकडं बघत होतो. सॉकेट नेहमीपेक्षा मोठं होतं. त्यांनी ते हेरलं. "मोठं टाकलंय," ते म्हणाले. "कंपनीच्यापेक्षा दोन दात जास्त. चेन पण एका जोडीनं वाढवली." मी विचारलं, पळायला कमी पडत नाही का? त्यांनी कप ठेवला. "पळायचंय कुठं? वाडीवरनं डेरीपर्यंत हाय सगळा कारभार. भरल्या कॅनला वढ लागती. पहिल्यात सुटायला पायजे, दुसऱ्यात चढायला पायजे. क्लच जळाला की दोन दिवस दूध घरात. ते परवडत नाय." मग उठून त्यांनी चेनला खालून बोट लावून वर ढकलून बघितलं, जशी माणसं गुराच्या पाठीवर जाता जाता हात फिरवतात तशी, आणि किक मारली. भरलेली गाडी पहिल्यात कसलाही आवाज न करता, क्लच न घासता सुटली. मी तिथं उभा राहून ती वळणाआड जाईपर्यंत ऐकत राहिलो. तिच्यात कुठंही ओढाताण नव्हती.

मला वाटतं गिअरिंग कळणारी माणसं तीच. आम्ही ज्या चर्चा करतो त्या सगळ्या टॉप स्पीडच्या असतात. पुढं मोठं सॉकेट टाकलं की टॉप स्पीड वाढतो, हे तर इतकं सर्रास बोललं जातं की खरंच वाटायला लागतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनानं. ८० वरून १०० वर जायचं म्हणजे वेग सव्वापट, पण हवेपुरती ताकद जवळजवळ दुप्पट. चोवीस हॉर्सपॉवरच्या, छाती ताठ ठेवून बसायच्या गाडीला ती दुप्पट ताकद आणायची कुठून? इंजिन आपली सगळ्यात जास्त ताकद ६५०० फेऱ्यांना देतं. मोठ्या सॉकेटवर पाचव्यात ते तिथवर पोचतच नाही, वाराच त्याला आधी थोपवतो. मग असं होतं की जास्तीत जास्त वेग चौथ्यात मिळतो आणि पाचवा नुसता आरामाचा गिअर उरतो. शर्यतीतले लोक हे पक्कं जाणतात. ज्या ट्रॅकची सरळ पट्टी लांब तिथं एक जोडी आणि जो आखूड, वळणांचा तिथं दुसरी, असं ते शर्यतीगणिक बदलत बसतात, एकेका दाताचा हिशेब करून. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला किलोमीटरभराची सरळ पट्टी आहे. ती समोर असेल तर लांब गिअरिंगला अर्थ आहे.

आपल्याला ती पट्टी कुठं मिळते? मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी. नागपूरहून मुंबईला येणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, तोही दुचाकीला बंद. चौपदरी महामार्गावर दुचाकीची मर्यादा ताशी ८०. म्हणजे जे रस्ते लांब गिअरिंगसाठी बांधल्यासारखे आहेत त्यांवर आम्ही चढू शकत नाही, आणि जे आमच्या वाट्याला आलेत ते खंबाटकीसारखे ट्रकांच्या मागं रांगत चढायचे, नाहीतर वरंध, ताम्हिणी, कुंभार्लीसारखे. मला हे खुपतं. त्या बंदीमागं सुरक्षेचं कारण आहे हे कळतं, आणि तरी खुपतं. लातूर-नांदेडकडं राहणारे माझे एक मित्र मात्र हे ऐकून हसतात. त्यांच्या तालुक्यांत घाट औषधालाही नाही. त्यांनी १६ टाकलं आणि पुन्हा त्याचा विचारसुद्धा केला नाही. अॅव्हरेज थोडं वाढलं असं ते म्हणतात, आणि सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ते शक्य आहे. फेरे कमी म्हणजे इंजिनाची आतली घासाघीस कमी. माझं वाढलं नाही. हायवेला जे वाचलं ते घाटात जास्त थ्रॉटल देऊन फिटलं.

एका गोष्टीनं मी अजून हरखून जातो. चेनच्या कड्या नेहमी सम संख्येत असतात, कारण आतली कडी आणि बाहेरची कडी अशी जोडी लागते. पुढं दात १५, म्हणजे विषम. त्यामुळं एकाच दाताला एका फेरीला आतली कडी भेटते, पुढच्या फेरीला बाहेरची. प्रत्येक दात दोघींनाही सारखाच झेलतो आणि झीज सगळीकडं सारखी वाटली जाते. १६ केलं की ही अदलाबदल थांबते. जो दात पहिल्या दिवशी आतल्या कडीला लागला तो चेन बदलेपर्यंत तिलाच लागत राहतो. मागचे ३८ तर समच असतात. प्रत्यक्षात याचा फरक फार पडत नाही, चेनला तेल वेळेवर मिळालं तर मुळीच कळत नाही. पण कुणीतरी कागदावर १५ लिहिताना हा विचार केला असेल, या कल्पनेनं मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटते. तसाच दुसरा हिशेब मागच्या चाकाच्या आसाचा, म्हणजे एक्सलचा. तीच चेन ठेवून पुढं एक दात वाढवला की मागचं चाक साधारण चार मिलिमीटर पुढं सरकवावं लागतं, कमी केला की तेवढंच मागं. पाऊण बोटाच्या त्या खाचेत हे सगळं मावतं.

आणि ज्या गाड्यांचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून वेग घेतो त्यांना काही होत नाही, पण जो गिअरबॉक्सच्या बाजूनं घेतो तो सॉकेट बदललं की चुकायला लागतो. पंधराच्या जागी सोळा असेल तर काटा ७५ दाखवतो तेव्हा गाडी ८० वर असते. ही गोष्ट गाडीला हात लावू देण्याआधी मेस्त्रीला विचारून घ्यावी.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी पुन्हा १५ टाकून घेतलं. मेस्त्रींनी काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "गावाकडं वाढलंय का?" मी हो म्हटलं. आईचे गुडघे दुखायला लागलेत, पाणी चढवायच्या मोटरचं काहीतरी सारखं बिघडतं, कौलं शाकारायची असतात. माझ्या गाडीचं आयुष्य आता त्या घाटात आहे आणि तिथं ती सुखात असलेली मला हवी आहे. साताऱ्यापर्यंत हातांना मुंग्या येतात. त्या मी शिरवळला चहासाठी थांबून झटकतो. सोळावरच्या त्या शांत सकाळची आठवण दर खेपेला येते, आणि ती येऊ नये असं मला मुळीच वाटत नाही. कधी निवांतपणे कर्नाटकात उतरून हुबळी, चित्रदुर्ग असं लांब जायचं ठरलं तर ते सॉकेट ड्रॉवरमध्ये कागदात गुंडाळून, तेल लावून ठेवलेलं आहे.

आता त्याच्यावर भाच्याचा डोळा आहे. त्याच्याकडं हीच गाडी, आणि यंदा तो लडाखला निघालाय. पुण्याहून चंदीगडपर्यंत गाडी रेल्वेनं न पाठवता चालवत नेणार. मी त्याला १४ घ्यायला सांगितलं. खारदुंग ला ही खिंड ५३५९ मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. दर तीनशे मीटरला इंजिन साधारण तीन टक्के जोर गमावतं, हा जुना ठोकताळा. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं मोजमाप सांभाळून घेतं, पण हवाच नाही तिथं तेही काय करणार. मनालीतच पाचवा हिस्सा गेलेला असतो. मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सची २१ वळणं सामान लादून चढताना पहिला गिअर जितका आखूड तितकं बरं. १४ म्हणजे ओढ सात टक्के जास्त. चेन लहान वर्तुळात जास्त वाकते, तिच्यावरचा ताणही वाढतो, त्यामुळं झिजेल लवकर. पण त्या दोन आठवड्यांपुरतं चालतं. चंदीगडपर्यंतचा दीड हजार किलोमीटरहून जास्त पल्ला १५ वर काढायचा, मनालीला कव्हर उघडून १४ टाकायचं, परतताना उलट, असं मी त्याला कागदावर मांडून दिलं. रविवारी आमच्या पार्किंगमध्ये बसवून त्याच्याकडून स्वतःच्या हातानं दोन्ही वेळा बदलूनही घेतलं. एक्सलचा नट सैल करायचा, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या, चेनचा झोल सामान लादून तपासायचा, कारण सस्पेन्शन बसलं की चेन ताणली जाते.

हात पुसता पुसता तो म्हणाला, "मामा, ते तुझं १६ पडूनच आहे ना? चंदीगडपर्यंत तेच लावतो. सगळा सपाट रस्ता आहे." मी म्हटलं, दोन पेट्या, तंबू, आणि जूनमधला राजस्थानचा वारा, तुला पाचवा लागायचाच नाही. "मग चौथ्यात जाईन." अर्धा तास आम्ही यावर भांडलो. त्यानं वेगांचे आणि फेऱ्यांचे आकडे फोनवर मांडले, ते बरोबर होते. मी वाऱ्याचं सांगितलं, तेही बरोबर होतं. शेवटी ड्रॉवर उघडून ते त्याला दिलं. उदयपूरच्या पुढं इंजिन दणके देऊ लागलं तर हट्टानं ओढत बसू नकोस, सावलीत थांब आणि १५ टाक, एवढं वचन घेतलंय. तीन सॉकेटं, एक पाना आणि चेनच्या तेलाची बाटली घेऊन तो येत्या शुक्रवारी पहाटे निघतोय.